रेघेच्या पुढची तारीख

तीर्थरूप रंगरावमामांना,
भाची अनुपमाचा नमस्कार.

शिरसाष्टांग लिहिणार होते, पण आपल्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायचं आणि भाचीने अवघडून ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणायचं अशी रीत. ती मोडून मी तुमच्या पाया पडले तर ‘आता हे काय नवीन काढलं’ म्हणून तुम्ही आणखी भडकाल, आणि सध्या कोणाच्या तरी पाया पडायची गरज तर फक्त मलाच आहे. म्हणून नुसताच नमस्कार लिहिला आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आपली प्रकृती कशी आहे? (हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात. मी मात्र खरोखर विचारते आहे आणि विचारताना मला लाज वाटते आहे, कारण तुमच्या प्रकृतीचा माझ्याइतका जाहीर बोभाटा आजवर कोणी केलेला नाही.) खोकला कमी आहे का? गुडघ्याला तेल लावता का? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. सुखरूप कसलं आलंय. संक्रांतीपासून मला जेवण जात नाही.

तुम्ही माझा फोन घेत नाही. हरिओम उचलतो आणि म्हणतो, आबा वावरात गेले. पुन्हा केला की आबा झोपले. परवा तर मागे तुमचा खोकला स्पष्ट ऐकू येत असताना म्हणाला, आबा चिखलीला गेले. मी विचारलं, मग खोकतंय कोण? तर तुमचे चिरंजीव शांतपणे म्हणाले, ‘बकरी हाय, ताई.’ म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी तुम्ही ते वाचाल याची मला खात्री आहे, कारण किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही सरळ करून दोन्ही बाजूंनी वाचता. आई गेल्यापासून मला माहेर म्हणून तुमचंच घर आहे. ते दार बंद झालं तर उंद्रीला येऊन मी उतरायचं कुठे? हे एकदा सरळ लिहून टाकते, कारण पुढे मी नेहमीसारखी भरकटणार आहे.

या सगळ्याची सुरुवात इथल्या वाचनालयात झाली. इथे नेदरलँडमध्ये (तुम्ही निदरलँड म्हणता, कडूबाकाका लंडन म्हणतात, उरलेलं गाव अमेरिका म्हणतं, दुरुस्त करणं मी केव्हाच सोडलं आहे) दर शनिवारी मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात स्वयंसेवक म्हणून जाते. स्वयंसेवक म्हणजे पगार न घेता दमणारा माणूस. मामी असती तर म्हणाली असती, ‘घरचं झाडलं का वं आधी?’ तर तिथे मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. पाववाली, बसचालक, शाळेतले शिपाई, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाई. सगळे मोठ्या चौकटीत, भिंतीवर, आणि मामा, सगळे जिवंत. त्या म्हाताऱ्या बाई तर स्वतःच्याच फोटोखाली उभ्या राहून केक खात होत्या. मग मला कोणीतरी म्हणालं, तू तुझ्या माणसांचे फोटो आण की. मी घरी येऊन कपाटं उपसली, आणि माझ्या हाताला माझ्या माणसांचा एकच नीटसा फोटो लागला. मामीचा.

तो कसा तयार झाला ते तुम्हाला ठाऊकच आहे. मामी गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटोच घरात नव्हता. हरिओमच्या लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढावी लागली. अजूनही तिच्या कानाशी कोणाच्या तरी फेट्याचा शेमला आहे, खांदा विहीणबाईंचा आहे, आणि ती बघते आहे उजवीकडे, चौकटीच्या बाहेर, बहुतेक कोणाला तरी पंगतीत वाढायला सांगत. आपल्याकडे माणूस भिंतीवर जातो तो गेल्यावरच. जिवंतपणी त्याचा फोटो फक्त आधार कार्डावर, आणि त्यात तो चोर दिसतो. त्या रात्री मी रडले. रडून झालं की माणसाने झोपावं. मी झोपले नाही, ठरवलं. इथे बसल्या बसल्या, फोनवरून, उंद्रीत फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं. ते स्वतः येऊन स्वतःला बघू शकतील तोवरच. नाव ठेवलं ‘आपली माणसं’. मामा, हेतू चांगला होता. (हे वाक्य मी या पत्रात पुन्हा लिहिणार नाही. ते हरिओमला इतक्या वेळा ऐकवलंय की परवा मी ‘हेतू’ म्हणताच त्याने ‘चांगला होता’ म्हणून पुरं केलं.)

परदेशात राहून गावचं काम करणं म्हणजे कुलूपबंद घराच्या खिडकीतून आतला स्वयंपाक सांगणं. मी व्हॉट्सअॅपवर गट काढला. त्यावर पहिले काही दिवस फक्त सुप्रभात आले. मग गुलाबाची फुलं. मग कोणीतरी म्हैस विकायला काढली आणि ती गटावरच विकली गेली (तेवढं एक काम त्या गटाने तडीस नेलं). फोटो काढायला चिखलीचे राजकुमार ठरवले, लग्नांचे फोटो काढणारे. त्यांनी नमुना म्हणून पाठवलेल्या पहिल्याच फोटोत रुखमाबाईंच्या मागे बर्फाचे डोंगर होते. मी म्हटलं, डोंगर नकोत, त्यांच्या चुलीजवळ काढा. तर रुखमाबाईंनी चूलच सारवून, लग्नातला शालू नेसून, श्वास रोखून फोटो काढून घेतला. कडूबाकाका ट्रॅक्टरशिवाय उभेच राहीनात, आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा. तो मालक म्हणाला, मग मीही पाहिजे. असं करत एका फोटोत एक म्हातारा, एक ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरच्या मालकाचे मेहुणे आले.

तुमचा फोटो मात्र झाला. तुम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात, फोटो नाही म्हणजे नाही म्हणत होतात, आणि तेवढ्यात तुमच्या बकरीने राजकुमारांची ती उजेडाची पांढरी छत्री खायला सुरुवात केली. राजकुमारांनी छत्री सोडवायच्या आधी बटण दाबलं (त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला तेवढा एक शहाणपणाचा क्षण). तुम्ही डावीकडे, बकरीकडे बघून हसता आहात. मामी गेल्यानंतर तुम्हाला असं तोंडभरून हसताना मी पाहिलंच नव्हतं. तो फोटो मी माझ्या फोनवर इतका वेळ बघत राहिले की भाजी करपली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी वाचनालयात चार प्रदर्शनं लावलेली, मला वाटायला लागलं मला कळतं. मी राजकुमारांना कळवलं, सगळे फोटो कृष्णधवल करा. त्यांचा उलट निरोप आला, ‘ताई, काया-पांढरा माणूस गेल्यावर करतेत.’ त्यावर मी त्यांना प्रकाश, सावली आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या यावर एक लांबलचक भाषण पाठवलं. त्यांनी नमस्काराचे दोन हात पाठवले आणि केलं सगळ्यांना काळं-पांढरं. पुढे मजकूर. इथल्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली नाव असतं, जन्माचं साल असतं आणि त्यापुढे एक आडवी रेघ. रेघेच्या पुढे काही नाही. म्हणजे माणूस आहे, चाललंय त्याचं. मला ती रेघ फार आवडली होती. मोकळी, पुढे जाणारी. मी सगळ्यांच्या नावापुढे साल टाकलं, रेघ टाकली, आणि ते चिखलीला गोपालभाऊंकडे छापायला दिलं. गोपालभाऊंचं फ्लेक्सचं दुकान तुम्हाला माहीत आहे. पंचक्रोशीतले सगळे वाढदिवस आणि सगळे दुःखद प्रसंग तिथूनच निघतात.

आता मुख्य गुन्हा. मी सायकलवरून कामाला चालले होते. इथे वारा असा की तोंड उघडलं तर आपलंच बोलणं परत घशात जातं. तेवढ्यात गोपालभाऊंचा फोन. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. नंतर त्यांनीच हरिओमला सगळं सांगितलं तेव्हा कळलं, ते विचारत होते, ‘ताई, रेघीच्या पुढची तारीख राह्यली ना. कोनती टाकू?’ मला ऐकू आलं ते ‘तारीख राह्यली’. मला वाटलं, प्रदर्शनाची. मी ओरडून सांगितलं, चौदा जानेवारी. ते म्हणाले, ‘सगळ्याईची एकच?’ मला वाटलं, सगळ्या फ्लेक्सवर का, असं विचारतायत. म्हटलं, हो हो, सगळ्यांची एकच, आणि उशीर करू नका, एक दिवस आधी लागले पाहिजेत.  गोपालभाऊ म्हणाले, ‘लय वाईट झालं, ताई.’ मी म्हटलं, काही वाईट नाही, मला फार आनंद आहे. आणि फोन ठेवला.

मामा, त्या भल्या माणसाला मी दोष देत नाही. तारीख पुढची कशी, असं हरिओमने विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तेरवीची आहे, मागचे राहिलेले असतील, सगळ्यांची एकत्र उरकतायत. वर त्यांनी माणुसकी म्हणून, पदरचं, प्रत्येकाच्या फोटोखाली एक पेटता दिवा आणि गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. आणि मी खाली लिहून दिलं होतं ‘आयोजक : अनुपमा, नेदरलँड’, ते त्यांना अशा प्रसंगी बरं दिसेना, म्हणून त्यांनी केलं ‘शोकाकुल : अनुपमा, नेदरलँड’. ‘आपली माणसं’ हे नाव तेवढं जसंच्या तसं ठेवलं. ते कुठेही चालण्यासारखं होतं.

पुढचं तुम्ही स्वतः पाहिलं आहे, मी हरिओमकडून ऐकलं. मी ऐकलेलं लिहिते, चुकलं असेल तर ओरडा, तुम्ही ओरडलात तरी मला चालेल. हरिओम कापूस घेऊन खामगावला गेलेला. भोगीच्या दिवशी भल्या सकाळी गोपालभाऊंच्या माणसांनी येऊन मारुतीच्या सभामंडपात सगळे फ्लेक्स टांगले आणि चहा न घेता निघून गेले (अशा ठिकाणी चहा घेत नाहीत). गाव दर्शनाला आलं तो गावातली सगळी वडीलधारी मंडळी दिव्यासकट भिंतीवर, आणि सगळ्यांचं उद्याच ठरलेलं. कडूबाकाका म्हणे आपल्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘उद्याच काऊन? उद्या तं माही पान्याची पाळी हाय.’ रुखमाबाईंना मरणाचं काही वाटलं नाही. ‘ते राहू द्या, पन हे जन्माचं साल कोनं देल्लं?’ म्हणून त्या घरोघर चौकशी करत हिंडल्या.  तुम्ही मात्र, हरिओम सांगतो, वाचलं, घरी आलात, आणि शेंगा सोलायला बसलात.

त्यात माझी भर. दुपारी हरिओम खामगावहून आला आणि थेट सभामंडपातून त्याने व्हिडिओ कॉल लावला. बोलायला त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्याने नुसता फोन फिरवला. तो फोन हलतोय, इकडे माझ्या डोळ्यांत पाणी, अक्षर कुठे दिसायला. मला दिसले ते सगळे चेहरे, ओळीने, मोठे. ऐकवणार नाही इतक्या गोड आवाजात मी म्हणाले, ‘वा, किती सुंदर दिसताय सगळे. उद्यापर्यंत असेच राहू द्या.’ सभामंडपात अख्खं गाव होतं. तुम्हाला बोलावून आणलेलं होतं. मग हरिओमने फोन जवळ नेला आणि मी ती तारीख वाचली. मग त्याने तो तुमच्या हातात दिला. तुम्ही स्क्रीनकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, ‘अनू, मी हाव अजून.’ आणि कापलात. तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत.

फ्लेक्स त्या संध्याकाळीच उतरले, पण तोवर कोणीतरी तुमच्या फ्लेक्सचा फोटो काढून पुढे धाडला होता, आणि असली बातमी एसटीच्या आधी पोचते. संक्रांतीला देऊळघाटहून मामीची भावजय आली. त्या माउलीने वेशीपासून हंबरडा फोडलेला, आणि ओट्यावर तुम्ही जिवंत बसलेले. हंबरडा असा मध्येच थांबवता येत नाही. त्यांनी तो बसून पुरा केला आणि मग तुम्हाला विचारलं, भाऊजी, चहा घेतला का? खामगावचे व्याही तर हरिओमसाठी दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊनच आले होते. ते परत नेता येत नाही म्हणे. (हरिओम तो टॉवेल वापरतो. चांगला आहे म्हणाला.) सणाचा दिवस, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तुम्ही स्वतः तिळगूळ ठेवलात, आणि ‘गोड बोला’ म्हणायचं की नाही हे कोणालाच कळेना.

एवढं सगळं तुम्ही हसण्यावारी नेलं असतं, मामा. तुम्हाला मी ओळखते. पण मग हरिओमने ते सांगितलं. ही सगळी माणसं दुखवट्याला म्हणून निघालेली, आणि दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. सवयीने, कुणाच्या मनात नसताना, सगळे गुपचूप उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. तुम्ही दारात उभे. शेवटची जीप गेल्यावर तुम्ही हरिओमला म्हणालात, ‘माह्या घरून मान्सं येतो न म्हनता गेले.’ आणि आत जाऊन निजलात.  मी एका माणसाला भिंतीवर लावायला निघाले ते त्याच्या असण्याचं कौतुक म्हणून, आणि त्याच्या दारातून माणसं तो नसल्यासारखी जायला लावली. यावर मला काही गंमत करता येत नाही. मी करून बघितली.

तेव्हा मामा, मी हात टेकले. प्रदर्शन हा शब्द मी यापुढे तोंडात घेणार नाही. स्वयंसेवा तर नाहीच नाही. गटातून मी बाहेर पडले आहे (आता तिथे फक्त म्हैस विकणारे आणि घेणारे उरले आहेत). रुखमाबाईंना सांगा, साल माझ्या हातून चुकलं असं मी गावभर कबूल करायला तयार आहे, त्या म्हणतील ते साल. कडूबाकाकांना पाणी मिळालं का, तेही कळवा. घरातल्या मोठ्यांमध्ये आता तुम्हीच, म्हणून मोठ्यांचा सगळा नमस्कार तुम्हालाच, आणि हरिओमच्या मुलींना माझ्याकडून एक एक पापा. बकरीला काही नाही. ती तुमच्या बाजूने खोटं खोकते.

तुमची भाची
(आणि या वेळी खरोखर शोकाकुल)
अनुपमा

ता. क. वर ‘हा शब्द तोंडात घेणार नाही’ असं लिहिलं आहे, ते लिहीपर्यंत खरं होतं. पाकीट आणायला वाचनालयात गेले होते. त्यांनी उंद्रीच्या फोटोंसाठी उन्हाळ्यात अख्खी भिंत देऊ केली आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून घरी आले. साल नाही, रेघ नाही, नुसती नावं. गोपालभाऊंना यातलं काही कळवणार नाही.

आणखी एक. बाकीचे फ्लेक्स कुठे गेले ते मला कळलं आहे. कडूबाकाकांनी त्यांचा कडब्याच्या गंजीवर टाकला, तोंड आत करून. तुमचा तेवढा सापडत नव्हता. काल हरिओमच्या तोंडून निघालं (त्याला रागावू नका, त्याला वाटलं मला माहीत आहे). तुम्ही म्हणे तो घरी नेलात, दिवा, पाकळ्या आणि माझा शोक कात्रीने कापून काढलात, आणि माजघरात मामीच्या उजव्या हाताला लावलात. नाही, डाव्या. हरिओमला पुन्हा फोन करून विचारलं, तिच्या डाव्या हाताला, म्हणजे आपण समोर उभं राहिलं की डावीकडे मामी आणि उजवीकडे तुम्ही. म्हणजे मामा, तुम्ही जे बकरीकडे बघून हसत होतात ते आता मामीकडे बघून हसता, आणि ती जी चौकटीबाहेर कोणाला तरी वाढायला सांगत होती, ती आता तुम्हाला सांगते. हरिओम म्हणाला, रेघेच्या पुढच्या तारखेवर तुम्ही गुडघ्याची औषधाची पट्टी चिकटवली आहे.

आणखी शेवटचं, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहिलं आणि वर कुठेच लिहायचं धाडस झालं नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात. तुम्हाला न विचारता मी तिकीट काढलं आहे. दार लावून घ्यायचं असेल तर मी आत आल्यावर लावा. फक्त एक करा, गुडघा दुखला तर दुसरी पट्टी वापरा, ती भिंतीवरची मी येईपर्यंत निघू देऊ नका. आणि त्या दिवशी तुम्ही फोन कापलात तेव्हा माझं एक म्हणायचं राहून गेलं होतं. तुमच्या घरून न म्हणता गेलेल्या सगळ्यांच्या वतीनेही तेच म्हणते.

येते, मामा.